सासूबाईंनी माझी गाडी सोडली

रोही आडवा आला तेव्हा माझा नवरा मागच्या सीटवर बसून, हेल्मेटची काच वर करून, संत्रं खात होता. हे आधीच सांगून टाकते, कारण अपघातानंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न 'गाडी कोण चालवत होतं?' हाच विचारला. 'मी' म्हटलं की त्या माणसाची नजर माझ्या पायावरून उठायची आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या नवऱ्यावर जाऊन थांबायची. मग तो बिचारा म्हणायचा, "मी मागे होतो." ते ऐकून समोरचा आणखीच विचारात पडायचा.

पांढुर्ण्यात आम्हाला ओळखणाऱ्यांना मात्र यात नवीन काही नव्हतं. माझं माहेर बोरगावजवळच्या खेड्यातलं. आम्ही सगळ्या बहिणीच, आणि वडिलांचा गुडघा कायम दुखायचा. त्यांनी मला कॉलेजात असतानाच मोटरसायकल शिकवली आणि स्वतः मागे बसून कपाशी पाहायला जाऊ लागले. पुढे मला पाहायला पांढुर्ण्याहून मंडळी आली. कोणीतरी रिवाजाप्रमाणे विचारलं, मुलीला काय काय येतं? वडील म्हणाले, "गाडी येते." नवरा मुलगा वीज कार्यालयात नुकताच लागलेला होता. तोवर तो खाली मान घालून पोहे खात होता. त्याने मान वर केली.

"मला नाही येत," तो म्हणाला. "बरं होईल."

लहानपणी सायकलसकट नाल्यात पडल्यापासून त्याने चाकं असलेल्या कोणत्याही वस्तूचं हँडल धरलं नव्हतं. लग्नानंतर मी मोहगावच्या पलीकडे एका सरकारी शाळेत गणित शिकवायला लागले. सकाळी त्याला ऑफिसच्या फाटकाशी उतरवायचं आणि पुढे शाळेला निघायचं, असं आमचं ठरून गेलं. सासूबाई सुरुवातीला नाक मुरडायच्या. बाईमाणसाने फटफटी चालवणं त्यांना पटत नव्हतं. मग एका शनिवारी त्यांची जामसांवलीची बस चुकली. मारुतीचं दर्शन चुकू नये म्हणून त्या नाइलाजाने माझ्या मागे बसल्या. पुढच्या शनिवारी बरोबर बसच्या वेळेला त्यांनी पोळ्या लाटायला घेतल्या. त्यानंतर त्यांनी कधी बस पकडली नाही.

अपघात झाला तो हिवाळ्यातला रविवार होता. सासऱ्यांनी लावलेली संत्र्याची बाग मोहगावच्या बाजूला आहे. तिथे तोड चालू होती, ती पाहून आम्ही दुपारी परत येत होतो. रस्ता मोकळा. दोन्ही बाजूला डोक्याइतकी तूर उभी. त्या तुरीतून रोही बाहेर आला. रोही म्हणजे नीलगाय. पिकात शिरते म्हणून आमच्याकडे तिला गाय म्हणायला कोणाचं मन होत नाही. घोड्याएवढं ते जनावर रस्त्याच्या मधोमध येऊन थांबलं. मी ब्रेक दाबला. त्याचे डोळे फार शांत होते, एवढं आठवतं. इतक्या जवळून मी कधी ते पाहिले नव्हते.

मग मी रस्त्यावर होते आणि वर आभाळ होतं. तुरीतून आवाज आला, "अगं, मी बरा आहे. तू?"

"माझा पाय चुकीच्या दिशेला आहे," मी म्हटलं.

नवरा तुरीतून बाहेर आला. कोपर खरचटलं होतं, चष्मा गेला होता, आणि मुठीत अर्धं संत्रं तसंच होतं. माझा पाय पाहिल्यावर तो खाली बसला आणि ते संत्रं त्याने रस्त्याच्या कडेला इतकं हळू ठेवलं की जणू तेच फुटलं असतं. शेतातली माणसं धावत आली. कोणाच्या तरी गाडीतून आधी पांढुर्णा, मग तिथून नागपूर. रोह्याला काही झालं नाही, असं नंतर कळलं.

उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि डावं मनगट. मांडीत सळई घातली. नागपूरच्या डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सगळं नीट समजावलं, आणि शेवटी त्यांनीही विचारलंच, "गाडी तुम्ही चालवत होता?"

"नाही. मी मागे."

"मग तुम्हाला काही कसं नाही झालं?"

"मी तुरीत पडलो," नवरा अपराध्यासारखा म्हणाला.

घरी आल्यावर माझी खाट समोरच्या खोलीत टाकली. येणारेजाणारे सल्ला देऊन जायचे. त्यात सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की आता गाडी सोडावी. फक्त सासूबाई काही बोलत नव्हत्या. त्या मला भरवायच्या, वेणी घालून द्यायच्या आणि गप्प असायच्या. मला वाटलं, त्यांना माझ्या मनाची कदर आहे. कारण काय ते मी वॉकर धरून खाटेपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पहिल्यांदा चालले त्या दिवशी कळलं. त्यांनी जामसांवलीच्या दिशेने हात जोडले आणि त्या समाधानाने म्हणाल्या, "झालं. सुटली फटफटी."

"कोणाची?"

"तुही. म्या मारुतीले सांगतलं होतं, हिले पायावर उभी कर, ही फटफटी सोडून देईल."

मी वॉकर घट्ट धरला. "आई, नवस तुम्ही बोलल्या आणि सोडायचं मी?"

"मंग काय करू? माह्याजवळ सोडासारखं काय राह्यलं? चहा डॉक्टरनं सोडवला, गोड डॉक्टरनं सोडवलं."

"मला विचारायचं तरी."

"तू बेशुद्ध होती न, बाई."

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आल्यावर मी त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. त्याने ते फार गंभीरपणे ऐकलं. त्याच्या मते यात मूळ अडचण अशी होती, की अर्ज एकाने करायचा आणि मीटर दुसऱ्याचं काढून न्यायचं, हे कुठल्याच ऑफिसात बसत नाही. सासूबाई म्हणाल्या, मारुतीचं ऑफिस नसतं. जामसांवलीचा मारुती आडवा आहे, निजलेला. नवरा म्हणाला, "तोही आडवा, हीही आडवी. म्हणून त्याने लवकर ऐकलं असेल." सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा चपला घालून कोपऱ्यावर दूध आणायला गेला. दूध सकाळीच आलेलं होतं.

खरं सांगायचं तर तो नवस मला पुढे फार उपयोगी पडला.

उन्हाळ्यात मी काठी घेऊन चालू लागले. तेव्हा एका सकाळी आमच्या मेकॅनिकने गाडी दुरुस्त करून आणली. नवऱ्यानेच ती मला न सांगता त्याच्याकडे टाकली होती. नवा हेडलाइट, सरळ केलेलं हँडल, टाकीवर फक्त एक पोचा राहिला होता. "मॅडम, एकदा चालू करून पाहा न," मेकॅनिक म्हणाला. मी हँडलवर हात ठेवला. तळव्याला घाम फुटला. मी काठी टेकत आत गेले आणि पाय दुखतो म्हणून पडून राहिले. पाय दुखत नव्हता.

त्यानंतर कोणी विचारलं, 'काय मॅडम, गाडी सोडली का?', तर मी उसासा टाकून म्हणायचे, "काय करू, सासूबाईंचा नवस आहे." लोक मान डोलवायचे. सुनेने सासूच्या शब्दाखातर एवढं करावं याचं त्यांना कौतुक वाटायचं. शाळेत तर बाकीच्या मॅडम मला चहा आणून द्यायच्या.

शाळा सुरू झाली आणि मी बसने जाऊ लागले. बसबद्दल माझी काही तक्रार नव्हती, बसलाच माझ्या वेळेशी काही देणंघेणं नव्हतं. ती भरली की सुटायची. भरली हे कोण ठरवायचं ते कधी समजलं नाही, कारण माझ्या मते ती स्टँडवर येतानाच भरलेली असायची. खिडकीपाशी बसले तर मी सारखी समोर पाहायचे. ड्रायव्हरच्या आधी मला खड्डा दिसायचा आणि सळईचा उजवा पाय आपोआप पत्र्यावर दाबला जायचा. बाजूच्या बाईने एकदा विचारलं, "ताई, पायात गोळा येऊन राहिला का?" मी हो म्हटलं.

अशात नवऱ्याने जाहीर केलं, की तो गाडी शिकणार.

आम्ही जेवत होतो. सासूबाईंचा घास हातातच राहिला. "तू?" त्या म्हणाल्या. "अन् या वयात?"

"नवस हिचा आहे. माझा नाही," तो म्हणाला. "मी हिला बसपर्यंत तरी सोडत जाईन."

रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या मैदानावर गेलो. गाडी मेकॅनिकने आणून दिली. मी काठी घेऊन मधोमध उभी राहिले, शाळेत फळ्यासमोर राहते तशी. नवरा गाडीवर बसला. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हेल्मेटचा पट्टा इतका आवळलेला की बोलता येईना.

"क्लच दाबा. पहिला टाका. आता क्लच हळूहळू सोडा आणि थोडी रेस द्या."

त्याने क्लच सोडला. गाडीने उडी मारली आणि बंद पडली.

"हळूहळू म्हटलं मी."

"हळूच सोडला न."

"नाही. एकदम सोडला."

"तू समोर उभी राहून नको पाहू. त्याने घाई होते."

मी पाठ फिरवली. मागून गाडी बंद पडल्याचा आवाज येत राहिला, मध्ये मध्ये त्याची क्षमा मागितल्यासारखी कुजबुज. तो गाडीशी बोलत होता. मैदानावर सकाळी फिरायला येणारी म्हातारी मंडळी बाकावर बसून पाहू लागली. पुढच्या रविवारी ती आधीच येऊन बसली होती. तरी हा गडी हटला नाही. कित्येक रविवार गेले, आणि एका सकाळी त्याने मैदानाला पूर्ण फेरी मारली. बाकावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्याला थांबायचं कसं ते आठवलं नाही, म्हणून त्याने आणखी एक मारली.

लायसन्स मिळाल्यावर तो म्हणाला, आता बागेपर्यंत जाऊ. मी मागे बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच गाडीच्या मागच्या सीटवर होते. माझ्यासमोर एक पाठ होती आणि त्या पाठीमुळे रस्ता दिसत नव्हता. वडील, नवरा, सासूबाई, सगळी माणसं इतकी वर्षं माझ्या मागे कशी काय बसली, हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता. तो बैलगाडीच्या वेगाने चालवत होता, तरी मी त्याच्या खांद्यात बोटं रुतवली होती.

"दुखून राहिलं," तो म्हणाला.

"समोर पाहा."

"समोरच पाहून राहिलो. पण दुखून राहिलं."

मोहगावच्या अलीकडे, जिथे आम्ही पडलो होतो, तिथे तो थांबला. मुद्दाम थांबला की गाडी बंद पडली हे मला आजही नक्की माहीत नाही, आणि तो सांगत नाही. आम्ही उतरलो. शेतात आता तूर नव्हती, सोयाबीन होतं, गुडघ्याच्याही खाली. तिथून रोहीच काय, ससाही लपून आला नसता. मी जागा ओळखायचा प्रयत्न केला, पण ओळखण्यासारखं काही उरलंच नव्हतं. रस्त्यासारखा रस्ता. आम्ही कडेच्या पुलाच्या कठड्यावर बसलो. त्याने हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटले होते.

"एक विचारू?" तो म्हणाला. "आईचा नवस नसता, तर तू चालवली असती?"

"नसती," मी म्हटलं. "मला भीती वाटते. हँडलला हात लावला तरी वाटते."

तो म्हणाला, "मला वाटलंच होतं." आणि थोड्या वेळाने, "मी एवढी वर्षं मागे बसलो, मला कधी भीती नाही वाटली. आता मी पुढे बसतो तर दोघांचाही जीव जाऊन राहिला."

"तुम्हाला त्या दिवशीनंतरही नाही वाटली? माझ्या मागे?"

"त्या दिवशीनंतर तू चालवलीच कुठं?"

हे खरं होतं. मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. ते आवरेपर्यंत तो चुपचाप हेल्मेटचा पट्टा उलटसुलट करत बसला. मग त्याने किक मारली, गाडी चौथ्यांदा की पाचव्यांदा सुरू झाली, आणि आम्ही बागेत न जाताच परतलो.

त्याने घरी काय सांगितलं ते मला माहीत नाही. पुढच्या शनिवारी सासूबाई सकाळीच आंघोळ करून बसने जामसांवलीला गेल्या. दुपारी परत आल्या, पाय धुतले, मला प्रसाद दिला आणि खाटेवर बसल्या.

"मारुतीसंग बोलून आली," त्या म्हणाल्या. "तुही फटफटी वापस घेतली."

"अशी वापस घेता येते?"

"दुसऱ्याची वस्तू देल्ली होती न म्या. ते माहं चुकलं. त्याले म्हटलं, तिची तिले राहू दे, मी माही सोडतो."

"तुमची कोणती?"

"मी आता फटफटीवर बसणार नाही. कधीच."

शनिवारच्या त्या फेरीसाठी त्या शुक्रवारीच पातळ काढून ठेवायच्या. गाडीवर त्या माझ्या कानाशी सबंध रस्ताभर बोलायच्या, घरात कधी बोलल्या नाहीत अशा गोष्टी: त्यांच्या माहेरच्या, सासऱ्यांच्या तापटपणाच्या, एका शिवून न झालेल्या चोळीच्या. वाऱ्यात निम्म्या ऐकू यायच्या नाहीत. मी म्हटलं, "आई, तुम्हाला तर आवडायचं."

"म्हणून तं सोडलं. न आवडणारं सोडून काय उपेग?" त्या उठल्या. दारापर्यंत जाऊन वळल्या. "आता तुह्याजवळ नवस नाही. चालवाची तं चालव, नाही तं नको चालवू. पण लोकायले माहं नाव नको सांगत जाऊ."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. मला वाटत होतं, मी फार हुशारीने लपवलं आहे, आणि घरात दोन माणसं आपापल्या जागी गप्प बसून सगळं पाहत होती.

नवस गेला आणि माझ्याकडे कारण उरलं नाही. काही दिवस मी गाडी नुसती पुसली. मग एका सकाळी अंगणातच चालू करून तिच्यावर बसून राहिले. दुसऱ्या सकाळी फाटकापर्यंत नेली. घाम यायचा, पण तो आला तरी हात आपलं काम करतात, असं दिसून आलं. क्लच, गिअर, ब्रेक, यातलं काही मनगट विसरलं नव्हतं. एका रविवारी मी मैदानावर गेले. बाकावरची मंडळी नवऱ्याची वाट पाहत होती. मला एकटीला पाहून ती जरा हिरमुसली. मी सरळ फेरी मारली, थांबले, पुन्हा मारली. उजवा पाय ब्रेकवर जड वाटत होता. तो आजही वाटतो.

मी गाडी सोडली की नाही, याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. तूर वाढली की मी बसने जाते. संध्याकाळी उशीर झाला तर गाडी शाळेतच ठेवते आणि मोहगावहून जे मिळेल त्याने येते. एरवी चालवते, पूर्वीच्या निम्म्या वेगाने. बागेकडे जाताना नवरा मागे बसतो आणि आता एका हाताने सीटची कडी धरून ठेवतो. भीती वाटते का, असं मी विचारलं, तर म्हणतो, नाही, सवय करून राहिलो. बाजारात भाजी आणायला मात्र तो एकटा गाडी घेऊन जातो. पायी गेला असता तर लवकर आला असता. पण तिथे त्याला कोणीतरी 'साहेब, गाडी शिकले वाटते' म्हणतं, आणि तो त्या दिवशी कोथिंबीर जास्त आणतो.

सासूबाई शनिवारी बसने जातात. मी पुष्कळ समजावलं, माझ्या परीने मारुतीच्या वतीनेही बोलून पाहिलं, पण त्या हटत नाहीत. मागच्या महिन्यात मला जामसांवलीच्याच रस्त्याने सौसरला काम होतं आणि नेमका शनिवार होता. मी माझ्या वेगाने चालले होते. मोहगावच्या पुढे मागून हॉर्न वाजला, मी बाजू दिली, आणि बस मला ओलांडून पुढे गेली. खिडकीत सासूबाई होत्या. पातळाचा पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, मान सरळ, नजर समोर. मी हात केला. त्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं. पण त्यांच्या बाजूला बसलेली बाई वळून वळून माझ्याकडे पाहत होती, आणि सासूबाईंचे ओठ सारखे हलत होते.